कमी बिघडणारा बॉयलर आणि पटकन दुरुस्त होणारा बॉयलर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

घर गरम करायला बॉयलर (गॅसवर पाणी तापवून ते खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवणारं यंत्र) घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठल्या कंपनीचा घेऊ? मग कोणी सांगतं अमका घे, कधी बिघडत नाही, कोणी सांगतं तमका घे, सर्व्हिसिंगला एकदम सोपा. दोन्ही सल्ले आपण एकाच खिशात टाकतो आणि इथेच गडबड होते, कारण कमी बिघडणं वेगळं आणि बिघडल्यावर लवकर सुरू होणं वेगळं.

आमच्याकडचा जुना बॉयलर कित्येक हिवाळे कुरकुर न करता चालला. मग एकदा प्रेशर खेळायला लागलं, गरम झाला की काटा 3 बारकडे (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप) आणि थंड झाला की जवळपास शून्यावर. हे एक्सपान्शन व्हेसलचं लक्षण, म्हणजे पाणी तापून फुगलं की त्याला जागा देणारा जो हवेचा डबा असतो त्यातली हवा गेलेली असते किंवा आतला रबरी पडदा फाटलेला असतो, मग जास्तीचं पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर जातं आणि थंड झाल्यावर प्रेशर पडतं. बिघाड साधाच, पण तो डबा बॉयलरच्या मागच्या बाजूला, भिंतीला चिकटून. तो बदलायचा तर अख्खा बॉयलर भिंतीवरून उतरवा. शेवटी टेक्निशियनने बाहेरच्या पाइपवर वेगळा व्हेसल बसवून दिला आणि काम झालं, पण तेवढे दिवस घर गारठलेलं. बॉयलर भरवशाचा होता यात शंका नाही, दुरुस्तीला मात्र अवघड.

आता भरवसा कशावर ठरतो ते बघू. सगळ्यात महत्त्वाचा हीट एक्स्चेंजर, म्हणजे आगीची उष्णता पाण्याला देणारा भाग. तो साधारण दोन प्रकारचा असतो, स्टेनलेस स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. ॲल्युमिनियम उष्णता कितीतरी जास्त चांगली वाहून नेतं, पण पाण्याचा पीएच फार वर गेला, म्हणजे पाणी फार अल्कधर्मी झालं, तर ते झिजायला लागतं, म्हणून पाण्यात योग्य इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) असणं गरजेचं. स्टेनलेस स्टील याबाबतीत सोशिक. तरीही स्टीलचा म्हणजे अमर असं समजू नका, रेडिएटरमधला काळा गाळ (लोखंड गंजून तयार झालेला मॅग्नेटाइट) अडकला की दोन्हींची वाट लागते. माझं तर स्पष्ट मत आहे की सिस्टिम नीट फ्लश केली (आतलं पाणी आणि गाळ धुऊन काढला) आणि गाळ पकडणारा चुंबकाचा मॅग्नेटिक फिल्टर लावला तर मध्यम ब्रँडचा बॉयलरही छान चालतो, आणि गाळ तसाच ठेवून महागातला लावला तरी तो लवकर त्रास देतो.

शिवाय कंपन्यांची नावं वेगळी दिसली तरी घर एकच असू शकतं. ग्लो-वर्म ही व्हेलंट ग्रुपची, वूस्टर बॉशकडे, बॅक्सी आणि रेमेहा दोन्ही बीडीआर थर्मिया या एकाच ग्रुपच्या. पंप, गॅस व्हॉल्व्ह असे बरेच भाग तर कंपन्या बाहेरूनच घेतात. त्यामुळे नुसतं नाव विचारण्यापेक्षा मॉडेल विचारा, कारण एकाच कंपनीची दोन मॉडेलं आतून अगदी वेगळी निघतात.

सर्व्हिसिंगची सोय बघायची तर समोरचं कव्हर काढल्यावर काय दिसतं ते बघायचं. पंप, पंखा, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (गरम पाणी रेडिएटरकडे की नळाच्या पाण्यासाठी, हे वळवणारा भाग), प्लेट हीट एक्स्चेंजर (नळाचं पाणी तापवणारा भाग) हे सगळं समोरून निघतं का, की बाजूला हात घालायला जागा सोडावी लागते आणि आपण तिथे कपाट करून ठेवलंय? कॉम्बीमध्ये, म्हणजे घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणाऱ्या बॉयलरमध्ये, डायव्हर्टर अडकणं नेहमीचं (नळाला गरम पाणी येतं पण रेडिएटर थंड, किंवा नळ सोडला की रेडिएटर तापतात), म्हणून तो भाग काढायला सोपा असणं फार मोलाचं. दुसरं म्हणजे काही मॉडेलमध्ये बर्नर उघडला की त्याचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) नवीनच टाकावं लागतं, ते गॅस्केट टेक्निशियनच्या गाडीत असतं का हे आधीच विचारून ठेवा. आणि कंडेन्सेट ट्रॅप (वाफेचं झालेलं पाणी जमून बाहेर जातं तो भाग) साफ करायला सोपा हवा, कारण कंडेन्सिंग बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता वापरतो, त्यातून आम्लधर्मी पाणी निघतं आणि ट्रॅप तुंबला की बॉयलर सरळ बंद पडतो.

फॉल्ट कोडचंही, म्हणजे बिघाड झाल्यावर स्क्रीनवर येणाऱ्या खुणेचंही तसंच, ती समजली तर दुरुस्ती सोपी होते. व्हेलंटवर एफ 22 आला तर पाणी कमी आणि एफ 28 आला तर पेटत नाही, असं स्क्रीनच सांगते. पाणी भरून गेज थंड असताना 1 ते 1.5 बारवर आणणं हे तर आपलं आपल्यालाही जमतं, बाकी गॅसचं कव्हर मात्र परवानाधारक माणसानेच उघडायचं, यात काटकसर नको.

वॉरंटीची वर्षं बघून भरवसा मोजणारेही खूप भेटतात. ती वर्षं बहुतेक वेळा दरवर्षीच्या सर्व्हिसिंगच्या अटीवर असतात, एक सर्व्हिस चुकली की कागदावरची वर्षं तशीच राहतात आणि दुरुस्तीचा खर्च आपल्या माथी येतो.

मला आज निवडायचा झाला तर मी आधी जवळच्या दोन-तीन टेक्निशियनना विचारेन की हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी कुठल्या मॉडेलचा पंखा नाहीतर इलेक्ट्रॉनिक बोर्ड तुम्हाला मिळतो, आणि ज्या मॉडेलचं नाव दोघांच्या तोंडून आलं त्याचंच कव्हर उघडून दाखवायला सांगेन.