रोजमेरीचं तेल घेतलंत? लावण्याआधी हे वाचा

"मोठी बाटली स्वस्त आणि छोटी महाग, असं कसं?" हा प्रश्न दुकानात रोज येतो. आणि "टाळू भाजली" ही तक्रार येते तीही याच छोट्या बाटलीची.

मोठ्या बाटलीत थेट डोक्याला लावायचं तयार तेल आहे, घाणीच्या तिळतेलात रोजमेरी मिसळलेलं. गडद काचेच्या १५ मिलीच्या छोट्या बाटलीत मात्र पानांतून वाफेवर काढलेला निव्वळ अर्क आहे, म्हणजे इसेन्शियल ऑइल. पुष्कळ पाल्यातून तो थोडासाच निघतो, म्हणून महाग. त्यात कापूर आणि सिनिओल ही झोंबणारी द्रव्यं भरपूर असतात. तो तसाच चोळला तर आग होते, कातडी लाल पडते, सालं निघतात. जास्त लावल्याने केस लवकर येत नाहीत. मोबाइलवर थेंब थेट भांगात सोडताना दाखवतात, तसं करू नका. फवाऱ्याच्या पाण्यातही टाकू नका. अर्क पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतो आणि मग निव्वळच टाळूवर येतो.

माप असं: १०० मिली तीळ किंवा खोबरेल तेलात आधी २० थेंब, म्हणजे साधारण १ मिली. मानवलं तर पुढे ४० थेंबांपर्यंत. त्यापुढे जाऊ नका. पहिल्यांदा हे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खाज किंवा पुरळ आलं तर ते डोक्याला लावूच नका.

केस येतात का? २०१५ साली इराणमधल्या १०० जणांवरच्या एका अभ्यासात रोजमेरी तेलाची तुलना २ टक्के मिनॉक्सिडिलशी, म्हणजे टक्कलावर लावायच्या औषधाशी, केली होती. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत केस फारसे वाढलेले दिसले नाहीत, सहा महिन्यांनी दोन्हीकडे केस वाढलेले दिसले. अभ्यास लहान आहे आणि तो अनुवंशिक टक्कल असलेल्यांचा आहे. टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी गळणारे केस बहुतेक वेळा आपोआप परततात. थायरॉइड किंवा रक्त कमी असल्याने गळत असतील तर आधी डॉक्टर गाठा. तेल विकणारे आम्हीच हे सांगतो, कारण महिनाभरात "गुण आला नाही" म्हणून येणाऱ्यांत असे बरेच असतात.

वाळलेल्या पाल्याचा चहा वेगळा. एक कप उकळत्या पाण्यात एक छोटा चमचा पाला, दहा मिनिटं झाकून. भरीत-पुरीनंतर पोट गच्च झालं तर बरं वाटतं. जर्मनीच्या कमिशन ई या तज्ज्ञ मंडळाने अपचनासाठी पानं मान्य केली होती. घरात ओवा असेल तर तोही चालतो, त्यासाठी मुद्दाम पाला घ्यायला हवा असं नाही. मात्र चहा जेवणाला लागून पिऊ नका, अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर दोन तासांचं अंतर ठेवा. छोट्या बाटलीतला अर्क मात्र पोटात कधीच घ्यायचा नाही, एक थेंबही नाही.

गरोदर बायांना आणि फिट येणाऱ्यांना आम्ही अर्क देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. रक्त पातळ करणारी गोळी किंवा लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) चालू असेल तर चहाही डॉक्टरांना विचारूनच. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ अर्क नेऊ नका. लेकराने चुकून प्यायला तर उलटी करवू नका, बाटली घेऊन थेट दवाखाना गाठा.

आमचा पाला तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगरातून येतो. खान्देशच्या उन्हाळ्यात बाटली खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत राहिली तर अर्क खराब होतो. थंड जागी, झाकण घट्ट ठेवा.

सील तोडलेली बाटली परत घेत नाही. त्यात कोणी काय मिसळलंय हे कळत नाही आणि तीच पुढच्या गिऱ्हाइकाला देणं आम्हाला पटत नाही. मिसळायची धास्ती वाटत असेल तर घरचं तेल बाटलीत भरून आणा. अर्क आमच्याकडून घेतलेला असेल तर समोरच मोजून मिसळून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.