सोफी जर्मेनचं गणित, तळटीपेच्या बाहेर

सोफी जर्मेनची गोष्ट सांगायला बसलं की सगळे मेणबत्त्यांपासून सुरुवात करतात. पॅरिसच्या सुखवस्तू व्यापाऱ्याची मुलगी, जन्म १७७६ चा. फ्रेंच राज्यक्रांती पेटली तेव्हा तेरा वर्षांची. बाहेर धामधूम, म्हणून दिवस घरातच. वडिलांच्या पुस्तकांत गणिताचा इतिहास हाती लागला, त्यात गणितात दंग असतानाच एका सैनिकाच्या हातून मेलेल्या आर्किमिडीजची हकिगत वाचली आणि पोरगी गणितात गुंतली ती कायमची. मुलीला हे नसते उद्योग कशाला, म्हणून आईवडिलांनी रात्रीचा दिवा, शेकोटी, गरम कपडे सगळं काढून घेतलं. ती मात्र पांघरूण गुंडाळून, लपवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात आकडेमोड करत बसायची, दौतीतली शाई गोठून जायची तरी. पुढे एकोल पॉलिटेक्निकमध्ये मुलींना प्रवेश नव्हता, तर तिने तिथल्या व्याख्यानांच्या टिपणवह्या मिळवल्या आणि ‘ल ब्लां’ या विद्यार्थ्याच्या नावाने तिथल्या प्राध्यापकाला, नामवंत गणिती लग्रांजला, आपलं काम पाठवलं.

मेणबत्त्यांची ही हकिगत तिच्या मित्राने, लिब्रीने, तिच्या मृत्युलेखात लिहून ठेवली. वाचताना आजही जीव गलबलतो. पण खंत अशी की बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच आटोपते. मेणबत्ती लक्षात राहते, तिच्या उजेडात कागदावर काय उमटलं ते राहत नाही. म्हणून आज ते कागदावरचंच बघू. त्यासाठी शाळेतला भागाकार पुरतो.

३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५, म्हणजे ५ चा वर्ग. अशी त्रिकुटं वर्गांना हवी तेवढी सापडतात. घनांना किंवा त्यापुढच्या कुठल्याही घाताला असं एकही त्रिकूट नाही, असं फ्रेंच गणिती फर्माने सतराव्या शतकात पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं. सिद्धता दिली नाही. चौथ्या घाताची सिद्धता फर्माच्याच कामात मिळाली, तिसऱ्या घातासाठी अठराव्या शतकातला गणिती ऑयलर याने झुंज दिली. म्हणजे दीडशे वर्षांत दोन घात. एकेक घात पकडून तो पाडायचा, हीच सगळ्यांची रीत. सोफीने विचारलं ते वेगळंच: पुष्कळ घातांना एकदम लागू पडेल अशी एखादी युक्ती आहे का?

पाचवा घात घेऊ. ५ ची दुप्पट अधिक एक म्हणजे ११, आणि ११ ही मूळ संख्या आहे. आता कुठल्याही संख्येचा पाचवा घात काढा आणि त्याला ११ ने भागा. २ चा पाचवा घात ३२, बाकी १०. ३ चा २४३, बाकी १. ४ चा १०२४, बाकी १. ५ चा ३१२५, पुन्हा १. ६ चा ७७७६, बाकी १०. कितीही पुढे जा, बाकी ०, १ किंवा १०, चौथी कुठली येतच नाही. मी हे पहिल्यांदा वहीत करून पाहिलं तेव्हा विश्वास बसेना, म्हणून १० पर्यंत सगळे घात काढले. खरंच येत नाही.

आता समजा अ आणि ब यांच्या पाचव्या घातांची बेरीज क च्या पाचव्या घाताइतकी आहे. तिघांपैकी एकालाही ११ ने भाग जात नसेल, तर तिन्ही बाक्या १ किंवा १० च असणार. पण १ अधिक १ म्हणजे २. १० अधिक १० म्हणजे २०, म्हणजे बाकी ९. १ अधिक १० म्हणजे ११, बाकी शून्य. हवी असलेली १ किंवा १० कुठूनच मिळत नाही! तेव्हा अ, ब, क पैकी एकाला तरी ११ ने भाग गेलाच पाहिजे.

याच्या जोडीला तिने आणखी एक अट पाहिली: ५ हा आकडा स्वतः त्या बाक्यांत नसावा. तो नाहीच. या दोन अटींवरून तिने सिद्ध केलं की अ, ब, क पैकी एकाला ५ नेही भाग जायलाच हवा. ज्या त्रिकुटांत तो जात नाही, ती सगळी एका फटक्यात बाद. आणि हे फक्त पाचासाठी नाही, जिथे जिथे दुप्पट अधिक एक ही मूळ संख्या येते तिथे सगळीकडे चालतं: ३, ५, ११, २३, २९, ४१ अशा विषम मूळ संख्यांना.

तिचा खरा बेत याहून मोठा होता. पाचाला ११ जशी उपयोगी पडली, तशा मदतनीस मूळ संख्या अनंत सापडल्या, तर त्यातल्या प्रत्येकीने अ, ब किंवा क ला भाग गेला पाहिजे. पण संख्या कितीही मोठी असो, तिचे विभाजक मोजकेच. म्हणजे असं त्रिकूटच अशक्य, आणि फर्माचं विधान त्या घातापुरतं सिद्ध! १८१९ साली तिने हा बेत थोर जर्मन गणिती गाउसला कळवला, आणि मदतनीस संख्या अनंत आहेत हे आपल्याला दाखवता आलेलं नाही हेही सरळ लिहिलं. या गाउसशी ती आधी ल ब्लां म्हणूनच पत्रव्यवहार करत होती. १८०६ मध्ये फ्रेंच सैन्य त्याच्या ब्राउनश्वाइग शहरात शिरलं, तेव्हा आर्किमिडीजसारखी त्याची गत होऊ नये म्हणून तिने ओळखीच्या सेनाधिकाऱ्याकडे शब्द टाकला, आणि त्यातूनच तिचं खरं नाव उघड झालं. त्या वेळी त्याने तिच्या बुद्धीची आणि धैर्याची मनापासून तारीफ केली होती. १८१९ च्या पत्राला मात्र त्याचं उत्तर आल्याची नोंद नाही.

बेत तडीस गेला नाही. घनांच्या बाबतीत अशा मदतनीस संख्या दोनच, ७ आणि १३, आणि हे तिनेच सिद्ध केलं. आपल्याच आवडत्या कल्पनेची मर्यादा स्वतः सिद्ध करून दाखवायची, याला मी फार मोठं काम मानतो.

मधल्या काळात तिने कंप पावणाऱ्या पत्र्यांवर काम केलं. पत्र्यावर वाळू पसरून कडेवर व्हायोलिनचा गज फिरवला की वाळूची नक्षी उमटते. ती का, हा प्रश्न. तीनदा प्रबंध दिल्यावर १८१६ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं पारितोषिक तिला मिळालं. अकादमीने पारितोषिक दिलेली ती पहिली स्त्री.

फर्मावरच्या कामाचं काय झालं? १८२० च्या दशकात फ्रेंच गणिती लेजांद्रने आपल्या निबंधात तिचं प्रमेय एका तळटीपेत नोंदवलं. पुढची जवळपास पावणेदोनशे वर्षं गणिताच्या जगाला तिचं हे काम ठाऊक होतं ते मुख्यतः त्या तळटीपेएवढंच. स्तनाच्या कर्करोगाने १८३१ मध्ये ती गेली. तिची हस्तलिखितं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पडून होती. अलीकडे गणिताच्या इतिहासकारांनी ती नीट वाचली, तेव्हा कळलं की तो मोठा बेत त्यात तपशिलाने मांडलेला आहे, आणि लेजांद्रच्या निबंधातल्या पुष्कळ गोष्टी तिनेही स्वतंत्रपणे, आपल्या रीतीने केलेल्या आहेत.

सातवा घातच बघा. दुप्पट अधिक एक म्हणजे १५. ती मूळ संख्या नाही, ११ ची युक्ती इथे अडते. मग ती चौपट अधिक एक घेते: २९. काही मूळ संख्यांना आठपट, दहापट, अशा पायऱ्या चढत तिने १०० च्या आतल्या प्रत्येक विषम मूळ घातासाठी मदतनीस संख्या शोधून काढली. सगळं हाताने. २ चा सातवा घात १२८, त्याला २९ ने भागलं की बाकी १२. पुढचे घात वहीत काढून पाहा. पाचच बाक्या मिळतील: ०, १, १२, १७ आणि २८.