‘आमच्याकडची पोरं लहान चणीचीच’

अंगणवाडीत वजनाच्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर पडतं. काटा कमी दाखवतो, सेविका तक्त्यावर ठिपका मांडते, ठिपका खालच्या पट्ट्यात जातो, आणि मुलाची आजी म्हणते, “आमच्याकडची पोरं लहान चणीचीच. याचा बापही असाच होता.” आजीला बोल लावण्यात अर्थ नाही. तिने तीन पिढ्या पाहिल्या आणि तिन्ही बारीकच पाहिल्या. पण हेच वाक्य शिकली-सवरलेली, दोन्ही वेळा पोटभर जेवणारी माणसं बोलतात, तेव्हा मला गप्प राहवत नाही. कारण हे वाक्य तपासून झालेलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली. मुलं निवडताना अट होती: घरची परिस्थिती वाढीच्या आड येणारी नको, आई धूम्रपान करणारी नको, बाळाला अंगावरचं दूध नीट मिळायला हवं. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांमधली होती. रंग वेगळे, जेवण वेगळं, आईबापांच्या उंच्याही वेगवेगळ्या. तरी पाच वर्षांपर्यंतच्या उंचीच्या रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. त्यांवरूनच 2006 साली वाढीचे तक्ते तयार झाले. सेविका ठिपका मांडते ते हेच.

उंचीत आनुवंशिकतेचा वाटा असतोच. एकाच घरातली दोन भावंडंही सारखी वाढत नाहीत. पण एका अख्ख्या समाजाची मुलं दुसऱ्या समाजाच्या मुलांहून पाचव्या वर्षापर्यंत इतकी मागे पडतात, याचं उत्तर रक्तात सापडत नाही. ते कुठे सापडतं?

पैशात, हे पहिलं उत्तर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातली 46 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. सर्वांत सधन हिश्श्यात हेच प्रमाण 23 टक्के. निम्मं आहे हे खरं, पण सधन घरांतही जवळजवळ चौघांतलं एक मूल खुजं का असावं? महाराष्ट्राचं कोडंही असंच आहे. उत्पन्नात पुढे असलेल्या या राज्यात खुज्या मुलांचं प्रमाण चौथ्या फेरीत 34.4 टक्के होतं, पाचव्या फेरीत 35.2. पाच वर्षांत काहीच हललं नाही. पैसा महत्त्वाचा आहेच, पण मुलाच्या हाडापर्यंत तो थेट पोचत नाही. मधे एक बाई असते.

या बाईचा अभ्यास पुण्याजवळच्या सहा गावांत झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर 1993 पासून तिथल्या बायकांची दिवस राहण्याच्या आधीपासून नोंद ठेवली. बायकांचं सरासरी वजन होतं सुमारे 42 किलो. त्यांची बाळं जन्मली सरासरी 2.7 किलोची, तर साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. एवढ्यात नवल नाही, पुढे आहे. बाळाच्या आकाराचा संबंध आईने एकूण किती उष्मांक किंवा प्रथिनं खाल्ली याच्याशी फारसा दिसला नाही. तो दिसला हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ताटात किती वेळा येतं याच्याशी. आणि दुसरा संबंध दिसला कष्टांशी. गरोदरपणात शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बायकांची बाळं आणखी लहान होती. ही बाळं बारीक असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. रोडावले होते ते स्नायू आणि अवयव. मोठेपणी मधुमेहाकडे नेणारी वाट याज्ञिकांना तिथेच सुरू होताना दिसली.

आता ते 42 किलो कुठून आले? त्या बाईच्या स्वतःच्या बालपणातून. म्हणजे आजीचं म्हणणं एका अर्थी खरंच आहे, बापही असाच होता आणि आईही. फक्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली ती चण नसून उपासमार आणि मेहनत होती. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं पाचव्या फेरीत दिसलं. जिची स्वतःची वाढ पुरी झालेली नाही, तिच्या पोटात दुसऱ्याची वाढ सुरू होते.

हे सगळं एका ठिकाणी पाहायचं तर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या फडावर जावं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवस भरत आलेली बाईही मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. उघड्या माळावर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात आणि मूल दिवसभर त्यांच्या आसपास, बहुतेकदा जराशा मोठ्या बहिणीच्या ताब्यात असतं. सहाव्या महिन्यात उष्टावण झाली, की बाळाला दिवसातून चार-पाच वेळा मऊ, घट्टसर, ताजं अन्न लागतं, कारण त्याचं पोट मुठीएवढं आणि गरज मोठी. नेमकी सहा महिने ते दोन वर्षं याच काळात बहुतेक मुलांची रेषा खाली वळते. आई पहाटे फडात गेलेली असते. मूल तापलं तर दवाखान्यात नेणं म्हणजे एक खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. या आईला ‘मुलाच्या आहाराकडे लक्ष द्या’ असं सांगणाऱ्याने आधी तिचा दिवस पाहावा.

कोपीभोवतीच्या मातीत आणखी एक कारण असतं. उघड्यावरच्या शौचातले जंतू पाण्यातून, माशांवरून, रांगत्या मुलाच्या बोटांवरून सतत पोटात जात राहिले, की दरवेळी जुलाब होतातच असं नाही. आतड्याच्या आतली, अन्नरस शोषणारी बारीक लव मात्र झिजून बोथट होते. खाल्लेलं पुरतं अंगी लागत नाही. आतड्याची कायमची धुसफूस शमवण्यातही शक्ती खर्ची पडते. मूल आजारी दिसत नाही, नुसतं वाढत नाही.

हे कळल्यावर अनेकांना वाटलं, किल्ली सापडली: संडास बांधा, हात धुवायला लावा, उंची वाढेल. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत मोठे, काटेकोर प्रयोग झाले. 2018 आणि 2019 मध्ये निकाल आले आणि सगळे चकित झाले. साधे संडास आणि हात धुण्याच्या सोयीने मुलांची उंची वाढली नव्हती. यावरून स्वच्छता बिनकामाची ठरत नाही. जंतूंचा मारा इतका दाट होता, की घराघरातल्या एवढ्याशा सुधारणेने तो पुरेसा कमी झाला नाही, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. मला यातून दिसतं ते असं, की ही कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. एकच सुटी ओढून काढली तर बाकीची तिची जागा घेतात.

ब्राझीलमध्ये ही सगळी कारणं एकाच वेळी सैल झाली. 1974-75 साली तिथल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातली 59 टक्के मुलं खुजी होती, 2006-07 साली उरली सुमारे 11 टक्के. श्रीमंत आणि गरीब मुलांमधलं अंतर एका पिढीत जवळजवळ मिटलं. गरिबांची खरेदीची ताकद वाढली, मुली शाळेत टिकल्या आणि त्याच आया झाल्या, नळ-गटारं आली, दवाखाना जवळ आला. हे सगळं साधारण एकाच काळात घडलं. रक्त तेच होतं.

दवाखाना जवळ येणं हेही वाटतं तितकं सरळ नाही. वेल्समधल्या खाणकामगारांचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 साली लिहून ठेवलं, की जिथे गरज सर्वांत जास्त तिथे चांगली सेवा सर्वांत कमी पोचते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995-96 मध्ये 39 गावांतली नवजात बाळं घरोघरी तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती. डॉक्टरपर्यंत पोचली होती शंभरातली तीनसुद्धा नाहीत. मग उलटं केलं. बाळ दवाखान्यात येत नाही, तर गावातल्याच बाईला शिकवायचं: वजन करणं, ताप मोजणं, बाळाला उबदार गुंडाळणं, श्वास न घेणाऱ्याला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांत हजारी 60 नवजात बाळं दगावत होती, तेव्हा या गावांत 26 च्या आसपास.

2011 पासून हीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाने घरी जायचं ते तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ऊसतोडीला गेलेल्या बाळंतिणीचा बेचाळिसावा दिवस मात्र परक्या जिल्ह्यातल्या फडावर उजाडतो, आणि तिथल्या आशाच्या यादीत तिचं नाव बहुतेकदा नसतं.