वाण, संक्रांतीचे

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनींना यजमानीण देते ती वस्तू म्हणजे वाण. देण्याच्या क्रियेला ‘वाण लुटणे’ म्हणतात. प्रथा महाराष्ट्रभर आहे. येथील विवेचन मुख्यतः पुणे शहरातील रूढीला धरून केले आहे.

हा शब्द संस्कृत ‘वायन’पासून आला, हे मत सामान्यतः ग्राह्य धरले जाते. व्रताच्या सांगतेला ब्राह्मणाला किंवा सुवासिनीला द्यावयाचे पक्वान्न अथवा वस्तू, असा वायनाचा अर्थ. रंग किंवा जात या अर्थाचा ‘वाण’ (‘वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीतला) हा ‘वर्ण’पासून आलेला निराळा शब्द होय. ‘लुटणे’ येथे हिसकावून घेणे या अर्थी नाही, मुक्तहस्ते वाटणे या अर्थी आहे. दसऱ्याचे सोनेही याच अर्थाने लुटले जाते. ‘आवा लुटणे’ हा जोडप्रयोग बहुधा कुंभाराच्या भट्टीवरून, म्हणजे आव्यावरून आला असावा. आव्यातून एकदम निघालेल्या मडक्यांप्रमाणे एकाच प्रकारच्या अनेक वस्तू वाटणे, असा त्याचा भाव दिसतो.

प्रथेच्या प्राचीनतेविषयी बोलताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. उदगयन, म्हणजे सूर्याचे उत्तरेकडे वळणे, हा पुण्यकाळ गृह्यसूत्रांना, म्हणजे घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथांना, ठाऊक आहे. ‘मकर’ राशीत सूर्य शिरण्याचा क्षण हा पर्वकाळ मानणे मात्र बारा राशींची नावे भारतीय ज्योतिषात रुळल्यानंतरच शक्य झाले. हे रुळणे साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले मानतात. मकरसंक्रांतीच्या दानाला धर्मशास्त्रात मोठे स्थान आहे. यादवांच्या दरबारातील हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त (तेरावे शतक) दानखंड नावाचा स्वतंत्र विभागच आहे. तिळाचे उटणे, तिळाच्या पाण्याने स्नान, होम, तर्पण, भक्षण आणि दान असा सहा प्रकारे तिळाचा वापर निबंधकार, म्हणजे धर्मशास्त्राचे संकलनकार, सांगतात. सुवासिनींनी सुवासिनींना वस्तू वाटण्याची आजची रीत या दानविधीतून थेट उतरली की वायनाच्या घरगुती व्रतपरंपरेतून, याविषयी मतभेद संभवतो. वायनाचा मार्ग अधिक संभाव्य वाटतो, कारण दानात देणाऱ्याहून निराळ्या दर्जाचा घेणारा असतो आणि वाणात तसे नसते.

वाणाचा आरंभ कोणत्या दिवशी, हा प्रश्न इतरत्र फारसा पडत नाही, पुण्यात पडतो. उत्तरायणाचा प्रत्यक्ष आरंभ २१-२२ डिसेंबरला होतो. संपातबिंदू (सूर्य जेथे असताना दिवस-रात्र समान होतात तो) तारकांच्या संदर्भात दर वर्षी सुमारे ५०.३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मागे सरकतो, त्यामुळे निरयन, म्हणजे स्थिर तारकांवरून मोजलेली, मकरसंक्रांत या दिवसापासून दूर जात राहिली आहे. इंग्रजी तारखांत मोजले तर तिला एक दिवस पुढे जाण्यास सुमारे सत्तर वर्षे लागतात. राशिचक्राचा आरंभ कोठे धरावा यावरून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील ज्योतिर्विदांत मोठा वाद झाला. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या पटवर्धनी पंचांगाने रेवतीची तारा (झीटा पिशियम) आरंभस्थानी धरली. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू घेतला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा कल सायन गणनेकडे, म्हणजे ऋतूंशी मेळ राखण्याकडे होता. रैवत, म्हणजे रेवती धरणाऱ्या, पक्षाचा वारसा पुढे टिळक पंचांगाकडे आला. चित्रा पक्ष मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने स्वीकारला, आणि त्यावर आधारलेले राष्ट्रीय पंचांग १९५७ मध्ये सुरू झाले. दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालत असल्याने टिळक पंचांगाची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास आणि इतर पंचांगांची १४ किंवा १५ जानेवारीला येते. एकाच वाड्यात किंवा सोसायटीत एका घरी तीळगूळ वाटून झालेला आणि शेजारी भोगीची भाजीही व्हायची, असे दृश्य जुन्या पुण्याला नवे नाही. तर्कदृष्ट्या सायन पक्षाची बाजू भक्कम आहे. डिसेंबरात तीळगूळ वाटायला मात्र कोणी तयार झाले नाही.

याच गणिताचा एक उपप्रश्न असा. पानिपतची लढाई (१४ जानेवारी १७६१) संक्रांतीच्या दिवशी झाली आणि ‘संक्रांत येणे’ हा वाक्प्रचार तेथून निघाला, असे सर्रास सांगतात. त्या वर्षीची निरयन संक्रांत मात्र १० जानेवारीच्या आसपास पडते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी, संक्रांतीच्या दिवशी झाला. हा दाखला याच सरकत्या हिशेबाशी जुळतो. वाक्प्रचाराचे मूळ पंचांगातील संक्रांतिफलात शोधणे अधिक सयुक्तिक. तेथे संक्रांतीची देवी कोणत्या वाहनावर बसून येते, कोठे जाते आणि कोणत्या दिशेकडे पाहते हे दिलेले असते, व ती पाहते तिकडे अनिष्ट मानतात.

वाणाचा आरंभ सौर आणि शेवट चांद्र (माघ शुद्ध सप्तमी) असल्याने त्याची मुदत दर वर्षी बदलते. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला आली, तर २०२६ मध्ये २५ जानेवारीला. पहिल्या वर्षी महिनाभराची सवड मिळाली, दुसऱ्या वर्षी जेमतेम अकरा दिवस, आणि रविवार तर दोनच.

मूळ वाण सुगडाचे. सुगड म्हणजे सुघट, लहान मातीचे बोळके. त्यात हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, बोरे, गव्हाच्या ओंब्या आणि तीळगूळ घालून ते आधी देवापुढे पुजतात. सगळे त्या हंगामात शेतातून नुकतेच आलेले असते. पुण्यात सुगडे कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणि मंडईच्या परिसरातून घेण्याची रीत आहे. वस्तुरूप वाणात पूर्वी फणी, करंडा, हळदकुंकवाचे पंचपाळे असे सौभाग्याशी जोडलेले जिन्नस असत. पुढे स्टीलच्या वाट्या, गाळण्या, प्लास्टिकचे डबे आले आणि अलीकडे कापडी पिशव्या व रोपे. तुळशीबाग आणि रविवार पेठेची बोहरी आळी येथे या दिवसांत डझनाच्या हिशेबाने खरेदी चालते. दिलेले वाण पुढच्या घरी फिरते, हेही सर्वांना माहीत असते. त्यावर कोणी बोलत नाही.

नव्या सुनेला आणि पहिल्या संक्रांतीच्या बाळाला हलव्याचे दागिने घालतात. हलवा म्हणजे तीळ, खसखस किंवा साबुदाण्यावर मंद आचेवर थेंबथेंब पाक सोडत काटा आणलेली साखर. काटा थंडीत चांगला येतो. बोरनहाणात बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा, उसाचे तुकडे ओततात आणि जमलेली मुले ते लुटतात. येथे ‘लूट’ शब्दाचा दुसरा अर्थ खराच ठरतो.

हळदीकुंकवातून विधवांना वगळणे हा या प्रथेचा जुना दोष आहे. काही घरांत व मंडळांत आता सर्व स्त्रियांना बोलावून वाण देतात, पण ते सार्वत्रिक झालेले नाही.

हिवाळ्यातील देण्याघेण्याची पर्वे अन्यत्रही आहेत. छत्तीसगडात पौष पौर्णिमेला ‘छेरछेरा’ असतो; मुले दारोदार धान मागतात व शेतकरी ते देतात. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी संत निकोलसच्या नावे मुलांना भेटी मिळतात, तर इटलीत ६ जानेवारीला ‘बेफाना’ नावाची म्हातारी त्या आणते. ब्रिटनमधील २६ डिसेंबरचा बॉक्सिंग डे नोकर-कारागिरांना पेटी देण्यावरून की चर्चमधील दानपेटीवरून, हे निश्चित नाही. या सर्वांत देणारा मोठा आणि घेणारा लहान, धाकटा किंवा गरजू आहे. वाणात आज घेणारी उद्या देणारी असते, आणि बहुधा त्याच आठवड्यात.