सायटिका आणि तिचे शस्त्रक्रियेविना उपचार

कंबरेतून निघून ढुंगण, मांडीची मागची बाजू आणि पोटरीमार्गे पावलापर्यंत उतरणारी, बहुधा एकाच पायात होणारी वेदना. कण्यातून बाहेर पडणाऱ्या नसेच्या मुळाला सूज आली किंवा त्यावर दाब आला की ती होते. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हणतात. नागपुरात आणि एकूणच विदर्भात लोक ती ‘शीर दबली’, ‘नस धरली’, ‘पायात चमक निघते’ किंवा ‘मणक्यात गॅप पडला’ अशा शब्दांत सांगतात.

यातला शेवटचा शब्दप्रयोग सर्वांत जास्त नुकसान करतो. ‘गॅप पडला’ म्हटले की मणक्यांत फट पडली, आता वाकलो तर कणा निसटेल, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते आणि चालता-फिरता माणूस खाट धरतो. खरे तर फट पडलेली नसते. दोन मणक्यांमधली गादी वयानुसार चपटी होते, म्हणजे अंतर उलट कमी होते. ‘शीर’ या शब्दाचाही असाच घोटाळा आहे. रक्तवाहिनी आणि मज्जातंतू या दोहोंना आपण शीरच म्हणतो. त्यामुळे रक्त अडले आहे, चोळून मोकळे करावे, असा समज होतो. इथे अडचण रक्ताची नसून मज्जातंतूची आहे, आणि सुजलेला मज्जातंतू जोरजोराने चोळून शांत होत नाही.

रचना आणि कारण : कण्याच्या कंबरेच्या भागात ५ मणके असतात. दर दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. तिची कड चिवट तंतूंच्या थरांची आणि आतला गाभा मऊ असतो. वय वाढते तसे गाभ्यातले पाणी कमी होते, कडेला बारीक चिरा पडतात आणि एखाद्या दिवशी गाभ्याचा भाग चिरेतून मागच्या बाजूला सरकतो. पायाकडे जाणाऱ्या नसेचे मूळ नेमके तिथूनच जाते. सायटिक नस चौथ्या-पाचव्या कंबरमणक्यापासून त्रिकास्थीच्या (कंबरमणक्यांखालच्या तिकोनी हाडाच्या) तिसऱ्या पातळीपर्यंतच्या मुळांनी बनते. शरीरातली ही सर्वांत जाड नस, जवळजवळ अंगठ्याएवढी. गादी सरकण्याचे बहुतेक प्रकार कंबरेच्या शेवटच्या दोन पातळ्यांवर घडतात.

नसेवर नुसता दाब पडला तर मुंग्या येतात, बधिरपणा येतो. ठणका मात्र लागतोच असे नाही. ठणका लागतो तो गाभ्यातल्या द्रव्यांनी नसेच्या मुळाला दाह झाल्यामुळे. हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण बरे होण्याची वाटही इथूनच जाते. बाहेर आलेला गाभा शरीराला परका वाटतो. रक्तातल्या भक्षक पेशी तिथे पोहोचतात आणि तो तुकडा हळूहळू फस्त करतात. चमत्कारिक वाटेल, पण जो तुकडा पूर्ण सुटून बाहेर आलेला असतो, रिपोर्टात सर्वांत भयंकर दिसतो, तोच विरघळण्याची शक्यता नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा जास्त असते. दाह ओसरला की दाब थोडा शिल्लक असूनही पाय शांत होतो.

गादी झिजण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तिच्यावर ताण टाकणारी कामे नागपुरात पुष्कळ : कळमना बाजारात पोती वाहणारे हमाल, उमरेडकडच्या उघड्या कोळसा खाणींत दिवसभर हादरे खात डंपर चालवणारे चालक, तासन्‌तास खुर्चीला खिळलेले मिहान या उद्योगक्षेत्रातले संगणकावरचे कर्मचारी. घरातले उदाहरण उन्हाळ्यातले. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा घरोघरी डेझर्ट कूलर चालतो आणि त्याची टाकी दिवसातून दोन-तीनदा भरावी लागते. भरलेली बादली जमिनीवरून उचलायची, कूलर आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत शिरून कंबरेतून वळायचे आणि बादली छातीपर्यंत नेऊन ओतायची. वाकणे, उचलणे आणि पिळवटणे तिन्ही एकाच झटक्यात. त्याच क्षणी ‘कट्‌’ झाले असे रुग्ण सांगतो. गादी मात्र आधीच झिजलेली असते. बादली हे शेवटचे निमित्त.

साठीनंतर दुसरा एक प्रकार दिसतो. त्यात कण्याची नळीच अरुंद होते. बसलेले असताना काही दुखत नाही, पण बर्डीच्या (सीताबर्डी बाजारातल्या) मेन रोडवर थोडे चालले की दोन्ही पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात आणि एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसले किंवा पुढे झुकले की पाच मिनिटांत मोकळे वाटते. अशी माणसे सायकल मात्र आरामात चालवतात, कारण हँडलवर झुकल्याने नळी थोडी उघडते.

इतिहास : चरकसंहितेत ८० वातविकारांमध्ये गृध्रसीची गणना आहे. वेदना ढुंगणापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशी क्रमाने उतरते, हे वर्णन आजच्या पाठ्यपुस्तकाशीही जुळते. गृध्र म्हणजे गिधाड. रुग्णाच्या आखडलेल्या चालीवरून हे नाव पडले असे मानतात. युरोपात इटलीच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये हे दुखणे सांध्याचे नसून नसेचे आहे, अशी मांडणी केली. सरकलेली गादी हे त्याचे कारण असते, हे अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी १९३४ मध्ये दाखवले. गादी सरकली म्हणजे ती कापून काढायची, हा विचार त्यानंतर रूढ झाला. तो आज पुष्कळ मवाळ झाला आहे.

निदान : चांगले निदान हात आणि डोळे यांनीच निम्म्याहून अधिक होते. रुग्णाला उताणे निजवून डॉक्टर गुडघा न वाकवता एक पाय टाच धरून सावकाश वर उचलतात. पाय ३० ते ७० अंशांच्या दरम्यान असताना गुडघ्याखाली वीज चमकल्यासारखी कळ गेली, तर नसेचे मूळ चिडलेले असण्याचा संशय बळावतो. नुसती मांडीमागची ओढ म्हणजे सायटिका नव्हे. ती आखडलेल्या स्नायूंची असते. दुसरा पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर शंका फारशी उरत नाही. मग टाचांवर चालून पाहायचे, चवड्यांवर चालून पाहायचे. टाचांवर चालता येत नसेल किंवा पायाचा अंगठा वर उचलताना जोर लागत नसेल, तर पाचव्या कंबरमणक्याची नस. चवड्यावर उभे राहता येत नसेल आणि करंगळीकडची कड बधिर असेल, तर त्रिकास्थीची पहिली. मधुमेह्यांत मात्र दोन्ही पावलांत मोजे घातल्यासारखी जळजळ होते. ती कंबरेतून येत नाही आणि तिचा उपचार वेगळा असतो.

एमआरआय प्रत्येकाला लगेच लागत नाही. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत फुगलेली गादी सापडली. म्हणजे धंतोली किंवा रामदासपेठेतल्या दवाखान्यांतून एमआरआयची काळी फिल्म घेऊन घरी आलेल्या माणसाने रिपोर्टातल्या प्रत्येक ओळीने घाबरून जाण्याचे कारण नाही. फिल्मवरचा दोष आणि पायातली कळ एकाच नसेशी जुळली तरच तिला अर्थ.

शस्त्रक्रियेविना उपचार : बहुतेक रुग्णांचे दुखणे ६ ते १२ आठवड्यांत लक्षणीय उतरते. उपचारांचे काम हा काळ सुसह्य करणे आणि तोवर शरीर हलते ठेवणे. सक्तीची पूर्ण विश्रांती, जी अजूनही अनेक चिठ्ठ्यांवर लिहिली जाते, तिने फायदा होत नाही. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन आठवडे अंथरुणावर राहिलेले आणि जमेल तसे हिंडते-फिरते राहिलेले यांच्यात फरक दिसला नाही. पहिले एक-दोन दिवस कळ असह्य असताना पडून राहावे. कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन बरे वाटते. त्यानंतर घरातल्या घरात, मग अंगणात, मग फुटाळ्याच्या किंवा अंबाझरीच्या काठाने. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत.

व्यायाम सर्वांना एकच लागू पडत नाही. अनेकांना पोटावर निजून कोपरांवर छाती उचलल्याने आराम पडतो. नळी अरुंद असलेल्यांना त्यानेच वाढते आणि गुडघे छातीशी घेतल्याने बरे वाटते. कोणता व्यायाम आपला, हे ओळखण्याची एक भरवशाची खूण फिजिओथेरपिस्ट सांगतात : व्यायामानंतर वेदना पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी वर सरकत असेल, तर कंबर जरा जास्त दुखली तरी तो व्यायाम चालू ठेवावा. वेदना खाली पावलाकडे पसरू लागली तर तो लगेच थांबवावा. यंत्राचा शेक तात्पुरता सुखावतो. ‘वजन लावणे’ (ट्रॅक्शन, म्हणजे वजनाने कंबर ताणणे) हा प्रकार लोकप्रिय असला तरी त्याचा पुरावा कच्चा आहे. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक. महिनोन्‌महिने बांधून ठेवला तर माणसाचा स्वतःच्या कंबरेवरचा विश्वास जातो.

औषधांबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी थोडा आराम पडतो. मात्र नागपूरच्या उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी असताना त्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडांवर ताण येतो. वयस्करांनी आणि रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. नसांच्या वेदनेसाठी सर्रास दिले जाणारे प्रेगाबालिन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सायटिकासाठी नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. गुंगी आणि चक्कर मात्र आली. ते चालू असेल तर एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारून कमी करावे. ‘ताकदीची सुई’ म्हणून घेतले जाणारे बी-१२ शरीरात कमी असेल तरच उपयोगाचे. नसेच्या मुळाजवळ दिले जाणारे स्टेरॉईडचे इंजेक्शन काहींना काही आठवड्यांचा दिलासा देते आणि त्या अवधीत व्यायाम सुरू करता येतो. मूळ दोष त्याने जात नाही. मधुमेह्यांची साखर त्यानंतर काही दिवस वाढते.

सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाची वाट धरणारेही पुष्कळ. चरकाने गृध्रसीत बस्ती (गुदमार्गे औषध देणे) आणि अग्निकर्म (डाग देणे) सांगितले आहे. शिवाय कटिबस्ती (कंबरेवर कणकेचे आळे करून त्यात कोमट तेल ठेवणे), निर्गुंडीचा शेक, एरंडतेल असे उपचार चालतात. शेक-तेलाने आखडलेले स्नायू सैल होतात. प्रशिक्षित वैद्याच्या हातून आणि पायातली ताकद शाबूत असताना ते करून घ्यायला हरकत नसावी. पायाळू (पायांकडून जन्मलेल्या) माणसाकडून कंबरेला पाय लावून घेणे ही वेगळी गोष्ट. साध्या उसणीत हलका पाय लावल्याने बिघडत नाही आणि उसण तशीही चार दिवसांत जाते. परंतु पायात मुंग्या, बधिरपणा असताना कोणालाही पाठीवर उभे राहू देऊ नये, झटका देऊन ‘मणका बसवू’ देऊ नये.

थांबू नये अशी लक्षणे : लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढ्या भागात बधिरपणा, दोन्ही पायांची ताकद जाणे. यांपैकी काहीही झाले तर ती आणीबाणी असते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मेडिकल, मेयो (नागपुरातली दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये) किंवा मिहानमधील एम्सचा अपघात विभाग गाठावा. इथे शस्त्रक्रिया टाळणे म्हणजे कायमचे अपंगत्व ओढवणे. पाऊल लोंबू लागून चप्पल निसटत असेल तर तज्ज्ञाला तातडीने दाखवावे. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, संध्याकाळचा ताप आणि घटते वजन असेल तर मणक्याचा क्षय किंवा कर्करोग नाही ना हे तपासावे लागते. आपल्याकडे क्षयाचा विचार लवकर झालेला बरा.

शस्त्रक्रियेशी तुलना : ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांची डच चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पायाची कळ वेगाने गेली. वर्षअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे झाल्याचे सांगत होते. थांबलेल्या गटातील ३९ टक्क्यांना त्या वर्षात शस्त्रक्रिया करावी लागली, बाकीच्यांना लागलीच नाही. म्हणून धोक्याची लक्षणे नसताना निवड रुग्णाची असते : वेदना किती सोसवते आणि किती दिवस थांबणे परवडते. रोजंदारीवरच्या हमालाचे आणि पगारी रजा असलेल्या कारकुनाचे उत्तर एकच असेल असे नाही, आणि डॉक्टरांनी हा प्रश्न रुग्णाला विचारायलाच हवा.

कामावर परतणे : कळ पूर्ण जाईपर्यंत थांबण्याची गरज नसते. खुर्चीवरच्या माणसाने दर अर्ध्या तासाला उठावे. ओझे उचलणाऱ्याने आधी हलके, अंगाशी धरून, पावलांनी वळत उचलावे आणि वजन काही आठवड्यांत वाढवावे. पायातला बधिरपणा वेदनेनंतरही काही महिने रेंगाळतो. तो हळूहळू आक्रसत असेल तर काळजी नसावी. दुखणे पुन्हा उलटू शकते, तेव्हाही हाच क्रम. आणि कूलर बादलीने भरण्याऐवजी नळाला लांब नळी जोडून टाकीत सोडावी.