बुकिंग आणि खाते: भेटीची वेळ प्रणालीत कशी नोंदवली जाते

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी बुकिंग आणि खाते या दोन गोष्टी एकच समजण्याची चूक असते. खाते लागते ते यजमानाला, म्हणजे आपल्या मोकळ्या वेळा इतरांपुढे ठेवणाऱ्या व्यक्तीला. वेळ घेणाऱ्या पाहुण्याला नाव आणि ईमेल पत्ता एवढेच द्यावे लागते. त्याच्या नावे कोणतेही खाते उघडले जात नाही.

यजमानाने आपले कॅलेंडर जोडले की आमची प्रणाली त्यातून फक्त व्यग्र वेळा वाचते, कामाचा विषय वाचत नाही. ही परवानगी कॅलेंडरच्या सेवेमार्फत मिळते, त्यामुळे त्या सेवेचा पासवर्ड आमच्यापर्यंत येतच नाही. पाहुण्याने वेळ निवडून 'नक्की करा' हे बटण दाबले की कॅलेंडर पुन्हा एकदा तपासले जाते. दोघांनी एकच वेळ निवडली असल्यास ज्याची नोंद आधी झाली त्याला ती मिळते आणि दुसऱ्याला वेळ गेल्याचे लगेच कळवले जाते.

प्रत्येक भेटीची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवली जाते आणि पाहणाऱ्याला त्याच्या स्थानिक वेळेत दाखवली जाते. दर आठवड्याच्या भेटींना मात्र हा नियम पुरत नाही. न्यूयॉर्क आणि लंडन यांच्या वेळांत एरवी 5 तासांचे अंतर असते. परंतु अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि ब्रिटनमधील शेवटच्या रविवारी उन्हाळ्यासाठी एक तास पुढे सरकत असल्याने मधल्या काळात ते 4 तासांवर येते. म्हणून अशी मालिका आम्ही यजमानाच्या वेळेला बांधतो. लंडनमधील यजमानाची दुपारी 3 वाजताची भेट तिथे 3 वाजताच राहते, न्यूयॉर्कच्या पाहुण्याला मात्र त्या काळात ती सकाळी 10 ऐवजी 11 वाजता दिसते. हा बिघाड नाही, तरी पाहुण्याला आधी कळवून ठेवलेले बरे.

भेट नक्की झाल्यावर येणाऱ्या ईमेलसोबत आयकॅलेंडर स्वरूपातील फाइल असते. ती उघडली की भेट पाहुण्याच्या कॅलेंडरमध्ये उतरते, पण ती केवळ प्रत असते. ही प्रत पुसल्याने बुकिंग रद्द होत नाही आणि यजमान बिचारा ठरल्या वेळी स्क्रीनसमोर वाट पाहत बसतो. भेट रद्द करण्यासाठी किंवा पुढे ढकलण्यासाठी त्याच ईमेलमधील दुवा वापरावा. पाहुण्याला खाते नसल्यामुळे हा दुवाच त्याची किल्ली ठरतो. ज्याच्या हाती तो पडेल त्याला भेट बदलता येते, म्हणून ते ईमेल जसेच्या तसे इतरांना पाठवू नये.

यजमानाचा पासवर्ड आमच्याकडे मूळ रूपात साठवलेला नसतो. विसरलेला पासवर्ड आम्हाला सांगता येत नाही, नवा ठरवण्याची सोय तेवढी देता येते. खाते बंद केल्यास पुढील सर्व भेटी रद्द होऊन पाहुण्यांना तसे कळवले जाते, परंतु त्यांच्या ईमेलमध्ये आधीच पोहोचलेला मजकूर आम्हाला पुसता येत नाही.

खाते चालू ठेवून फक्त कॅलेंडर तोडायचे असेल, तर आधी बुकिंगचे पान बंद करावे. पान उघडे राहिल्यास आपल्या व्यग्र वेळा प्रणालीला दिसत नाहीत आणि त्या पाहुण्यांना मोकळ्या म्हणून दाखवल्या जातात.