वाळूच्या फाट्यापासून एमडीच्या पुडीपर्यंत: मराठवाड्यातली पोरं या धंद्यात कशी ओढली गेली

ड्रग्ज म्हणलं की आपल्याकडं अजून लोक म्हणतात, हे मुंबई-पुण्याचं खूळ, आत्ता आत्ता इकडं आलं. बातम्या बघितल्या तर तसं वाटतंही. ऑक्टोबर 2023 मध्ये डीआरआय (तस्करी पकडणारी केंद्राची यंत्रणा) आणि अहमदाबाद क्राइम ब्रँचनं छत्रपती संभाजीनगर आणि पैठण एमआयडीसीत धाडी टाकल्या, कोकेन, मेफेड्रोन म्हणजे एमडी, केटामाइन असा अडीचशे कोटींच्या वरचा माल सापडला. फेब्रुवारी 2025 ला तुळजापूरजवळ तामलवाडीत एमडीच्या पुड्या पकडल्या अन् त्या प्रकरणात पुजाऱ्यांचीही नावं आली. एप्रिल 2025 ला तर लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात, रोहिण्याच्या डोंगराळ भागात एमडीचा कारखानाच निघाला, 11.36 किलो माल, आणि अटक झालेल्यांत पोलिसातला एक जण. पण माल नवा असला तरी तो वाहणारी पोरं अन् रस्ते आधीच तयार होते, आणि ते कुणी तयार केले हे बघितल्याशिवाय ह्या बातम्यांचा अर्थ लागत नाही.

जुलै 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली. गुटखा काय बंद झाला नाही, कर्नाटक-तेलंगणाच्या बॉर्डरवरनं उदगीर, देगलूर, उमरगा ह्या बाजूनं येत राहिला. गाडीतनं गोदामात, गोदामातनं मोटरसायकलवर, तिथनं पानटपरीत. ही शेवटची मोटरसायकल चालवायला पोरं लागतात.

त्याहून मोठी शाळा म्हणजे चोरटी वाळू. गोदावरी, सिंदफणा, पूर्णा, दुधना, जिथं नदी तिथं रात्रीचे हायवा, म्हणजे वाळूचे मोठे डंपर. आणि प्रत्येक फाट्यावर एक लोकेशनवाला. हा बहुतेक वेळा अठरा-एकोणीसचा, कधी त्याहूनही लहान. बंद टपरीच्या बाकड्यावर मफलर गुंडाळून बसलेला, हातात दोन मोबाईल, तहसीलदाराची किंवा पोलिसाची गाडी दिसली की ग्रुपवर "निघाली" एवढंच टाकायचं. रात्रीचे पैसे, गाडीत पेट्रोल, सकाळी ढाब्यावर जेवण. घरच्यांना वाटतं पोरगं कामाला लागलं. पण त्या बाकड्यावर तो काय शिकतो बघा: कोणत्या साहेबाची गाडी कोणती, हप्ता कुणाकडं जातो, पकडलं तर कुणाचं नाव घ्यायचं नाही. पुढं ड्रग्जवाल्याला ह्याच तीन गोष्टी येणारा पोरगा पाहिजे असतो, तो आयता मिळतो.

आता घरचं. बीड, धाराशिव, जालन्याकडची कित्येक कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिललाच परत. पोरं आजीकडं, नाहीतर आई-बापासोबत कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत. शाळा सुटली की सुटलीच. त्यात 2012-13 चा दुष्काळ, मग 2015-16 चा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते एप्रिल 2016 मध्ये. संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा एमआयडीसीत काम मिळतं पण बरंचसं कंत्राटी. गरिबाची पोरं गुन्हेगार होतात असं मी अजिबात म्हणत नाही, ह्याच घरांतनं पोरं भरती होतात, मास्तर होतात, आणि पैसेवाल्याची पोरंही ह्या नादाला लागलेली आहेत. फरक एवढाच की पैसेवाल्याचं पोरगं घसरलं तर बाप सोडवून आणतो, दुसऱ्याला सोडवायला फक्त 'भाऊ' असतो, सख्खा नाही, गल्लीतला दादा.

नशा सुरू होते स्वस्तातनं. आधी पंक्चरचं सोल्युशन हुंगायचं, मग गोळ्या. संभाजीनगरात ज्याला बटन म्हणतात ती नायट्राझेपामची गोळी, मालेगावकडं अल्प्राझोलमला कुत्ता गोळी म्हणतात. दोन्ही झोपेच्या-टेन्शनच्या गोळ्या, दोन्ही शेड्यूल एच1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको अन् मेडिकलवाल्यानं रजिस्टर ठेवायला पाहिजे. तरी पोरांच्या खिशात पट्ट्या सापडतात. गांजा आंध्र-ओडिशाच्या सीमेवरनं तेलंगणामार्गे येतो, तो रस्ता तर लई जुना. एमडी मागून आलं, फेब्रुवारी 2015 पर्यंत तर ते एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतच नव्हतं. पहिल्यांदा फुकट, मग उधार, मग उधारी फेडायची तर चार जणांना विकून दे. पिणारा कधी विकणारा झाला हे त्याला स्वतःला कळत नाही.

पण माझ्या मते खरं वळण नशेत नाही, पहिल्या जामिनात आहे. तलवारीनं केक कापला, स्टेटसला टाकला, समोरच्या ग्रुपशी राडा झाला, गुन्हा दाखल. वकील कोण देतो, जामीनदार कोण उभा करतो? भाऊ. तो उपकार पैशानं फिटत नाही. मग भाऊ म्हणाला अमुक ठिकाणी पिशवी पोचव, तर नाही म्हणायची सोय राहत नाही. आत जाऊन आलेल्याला संभाजीनगरच्या हर्सूल जेलमध्ये मोठ्या शहरातली माणसं भेटलेली असतात, नंबर मिळालेले असतात. कामाला लावणाऱ्यांना कायदाही पक्का पाठ: एमडी 50 ग्रॅमच्या अन् गांजा 20 किलोच्या वर गेला की कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे धंद्याचा माल, तिथं एनडीपीएसच्या कलम 37 मुळं जामीन लई अवघड. म्हणून पोराच्या खिशात थोडाच माल द्यायचा.

वाळू, गुंडगिरी अन् ड्रग्जचं हे जोडकाम सरकारला माहीतच नाही असं नाही. 1981 च्या एमपीडीए कायद्यात, म्हणजे गुंडाला खटल्याआधीच स्थानबद्ध करायच्या कायद्यात, ड्रग्जवाले होतेच, नंतर धोकादायक व्यक्ती अन् वाळूतस्करही घातले. जुलै 2025 मध्ये ड्रग्जचे गुन्हे मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीच्या कायद्यात, आणणारं दुरुस्ती विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. आणि बाल न्याय कायदा 2015 चं कलम 78 आहे, अल्पवयीन लेकराला ड्रग्ज विकायला किंवा वाहून न्यायला लावणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मी इथल्या बातम्या रोज वाचतो, त्यात पोरगं पकडल्याचा फोटो असतो, हे कलम लावलेलं मात्र क्वचितच दिसतं. पिशवी कुणी दिली ह्याचं उत्तर बहुतेक वेळा "अनोळखी इसम" असंच राहतं.